कॅमेऱ्याचं वजन कोण उचलणार? फिरतीवर काम करणाऱ्या फोटोग्राफरने बॅग कशी भरायची



फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, कुठला कॅमेरा घेऊ?" मग मेगापिक्सेल, फोर-के, ऑटोफोकस यावर तासभर चर्चा होते. पण एक प्रश्न मला आजवर फार थोड्यांनी विचारलाय: "सर, हे सगळं दिवसभर खांद्यावर घेऊन मी काम करू शकेन का?"

स्टुडिओत बसून काम करणार असाल, तर आजचा धडा तुमच्यासाठी नाही. पण प्री-वेडिंग, ट्रेकिंग ग्रुप, होमस्टे आणि रिसॉर्टचे फोटो, सहल कंपन्यांची कामं, जत्रा आणि वारी, शेतमालाचं बांधावरचं शूटिंग यांपैकी काही करणार असाल, तर शेवटपर्यंत वाचा. कारण या कामात कॅमेऱ्याचं वजन आणि त्याची बांधणी हा थेट कमाईचा प्रश्न आहे. मी हे पैसे घालवून शिकलोय.

दिवे घाटात गमावलेला फोटो

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात येण्याआधी मी काही वर्षं बाहेरगावची फोटोग्राफी केली. एकदा एका कंपनीने कॅलेंडरसाठी वारीचे फोटो मागितले. मुख्य फोटो ठरला होता तो दिवे घाटाचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तो टप्पा वाटेतल्या मोठ्या टप्प्यांपैकी एक, जवळपास ३० किलोमीटरचा. हडपसर सोडलं की पुढे घाट लागतो. वरच्या वळणावरून खाली बघितलं की दिंड्यांची रांग, पताका आणि मधोमध रथ असं सगळं एका चौकटीत येतं. मला तो फोटो हवा होता.

मी पहाटे निघालो. पाठीवर मोठी बॅग, त्यात जे जे माझ्याकडे होतं ते सगळं. "कधी काय लागेल सांगता येत नाही" हे माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत खांदे भरून आले होते. अर्ध्या घाटात मी कठड्याला टेकून बसलो. म्हटलं, पाच मिनिटं. ती झाली पंचवीस. वर पोचलो तेव्हा रथ वळण पार करून पुढे गेला होता. खाली नुसती रिकामी होत जाणारी वाट.

माझ्याच बाजूला पन्नाशीचे एक गृहस्थ होते. गळ्यात एक लहान कॅमेरा, खिशात एक लेन्स, खांद्याला पाण्याची बाटली. त्यांना तो फोटो मिळाला होता. वारकऱ्यांबरोबर अभंग म्हणत ते वर आले होते.

घरी आल्यावर मी शेजारच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बॅग काट्यावर ठेवली. साडेनऊ किलो. त्यातल्या जेमतेम तीन किलो सामानातून त्या दिवशीचे सगळे फोटो निघाले होते. बाकीचं मी आळंदी रस्त्यापासून सासवडपर्यंत नुसतं फिरवून आणलं. कॅलेंडर झालं, पण दुसऱ्याच्या फोटोवर. ती कंपनी माझ्याकडे पुन्हा आली नाही.

पहिला धडा: बॅग काट्यावर ठेवा

आपण कॅमेऱ्याच्या बॉडीचं वजन बघतो आणि "आठ-नऊशे ग्रॅम, त्यात काय!" म्हणतो. पण तुम्ही बॉडी उचलत नाही, तुम्ही अख्खी बॅग उचलता. दोन बॅगांचा हिशोब मांडून बघू. कॅमेरा-लेन्सची वजनं कंपन्यांनी दिलेली आहेत, बाकीची अंदाजे धरली आहेत.

बॅग क्रमांक एक, फुल फ्रेम डीएसएलआर:

- कॅनन ५डी मार्क ४, बॅटरी आणि कार्डासकट: ८९० ग्रॅम
- कॅनन २४-७० एफ/२.८ (दुसरी आवृत्ती): ८०५ ग्रॅम
- कॅनन ७०-२०० एफ/२.८ (तिसरी आवृत्ती): सुमारे १,४८० ग्रॅम
- फ्लॅश, सेलसकट: ५५० ग्रॅम
- ट्रायपॉड: १,८०० ग्रॅम
- रिकामी बॅग: १,९०० ग्रॅम
- जादा बॅटऱ्या, चार्जर, कार्डं, पुसण्याचं साहित्य: ५०० ग्रॅम
- एक लिटर पाणी: १,००० ग्रॅम
- रेनकोट आणि डबा: ६०० ग्रॅम

एकूण ९,५२५ ग्रॅम. म्हणजे साडेनऊ किलो.

बॅग क्रमांक दोन, लहान मिररलेस:

- सोनी ए७सी, बॅटरी आणि कार्डासकट: ५०९ ग्रॅम
- टॅमरॉन २८-२००: ५७५ ग्रॅम
- सोनी ५० एमएम एफ/१.८: १८६ ग्रॅम
- रिकामी बॅग: १,००० ग्रॅम
- जादा बॅटऱ्या, चार्जर वगैरे: ३०० ग्रॅम
- पाणी: १,००० ग्रॅम
- रेनकोट आणि डबा: ६०० ग्रॅम

एकूण ४,१७० ग्रॅम.

फरक पाच किलोंहून जास्त. पाच किलोची आट्याची पिशवी डोळ्यांसमोर आणा. ती खांद्याला अडकवून आठ तास फिरायचं, गुडघ्यावर बसायचं, दगडावर चढायचं आणि वर ग्राहकाशी हसून बोलायचं.

आता या यादीत एक गोष्ट नीट बघा. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीतला फरक फक्त ३८१ ग्रॅमचा आहे. बाकीचा सगळा फरक लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश आणि बॅगेचा आहे. "हलका कॅमेरा घेतला" म्हणून खूश होणारे लोक त्याच्यावर दीड किलोची लेन्स लावतात आणि दोन किलोच्या बॅगेत ठेवतात. मग वजन कमी होणार कुठून? शिवाय हलक्या बॉडीवर जड लेन्स लावली की तोल पुढे जातो आणि मनगट दुखायला लागतं. वजन कमी करायचं तर सुरुवात लेन्सपासून करा.

दुसरा धडा: जड म्हणजे मजबूत, हे खरं नाही

आपल्या घरात एक समज पक्का असतो. जड ते टिकाऊ. पितळेच्या घागरीपासून स्कूटरपर्यंत आपण हेच ऐकत आलो. कॅमेऱ्यात हे अर्धंच खरं आहे.

पुन्हा उदाहरण बघू. सोनीची ७०-२०० एफ/२.८ ही व्यावसायिक लेन्स पहिल्या आवृत्तीत १,४८० ग्रॅमची होती. दुसऱ्या आवृत्तीत ती १,०४५ ग्रॅमवर आली. कॅननच्या मिररलेससाठीच्या ७०-२०० एफ/२.८ चं वजन १,०७० ग्रॅम आहे. या लेन्स लग्नवाले आणि पत्रकार रोज वापरतात, म्हणजे नाजूक नाहीत. रचना बदलली, म्हणून वजन उतरलं.

उलट उदाहरणही आहे. कॅननची ५० एमएम एफ/१.८ ही गरिबांची लाडकी लेन्स. तिच्या जुन्या आवृत्तीचं वजन १३० ग्रॅम आणि कॅमेऱ्याला जोडणारी कडी, म्हणजे माउंट, प्लास्टिकची. २०१५ मध्ये आलेल्या एसटीएम आवृत्तीचं वजन १६० ग्रॅम आणि माउंट धातूचं. हे तीस ग्रॅम मी आनंदाने उचलीन, कारण लेन्स रोज काढ-घाल करताना झीज होते ती नेमकी तिथे.

म्हणजे प्रश्न "वजन किती" एवढाच नाही. वजन कशाचं आहे, हे विचारा. दुकानात गेलात की या गोष्टी स्वतःच्या हाताने तपासा:

बॉडी कशाची आहे? मॅग्नेशियम अलॉय की पॉलिकार्बोनेट, म्हणजे उच्च दर्जाचं प्लास्टिक? मॅग्नेशियम अलॉयचा सांगाडा ताठ असतो, जड लेन्सचा भार चांगला पेलतो. चांगलं पॉलिकार्बोनेटही टाकाऊ नसतं. पण तुम्ही रोज मोठी लेन्स लावणार असाल, तर धातूचा सांगाडा घ्या.

माउंट धातूचं आहे का? लेन्स काढून डोळ्याने बघा. लेन्स लावून हलकेच हलवा. लटपट जाणवली तर सोडून द्या. जुना माल घेताना तर हे हमखास करा.

बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण कसं आहे? फिरतीवर सर्वात आधी तुटतात ती ही झाकणं. बिजागरी बारीक असेल, रबर सैल असेल, तर पावसाचं पाणी तिथूनच आत जाणार.

फिरणारा स्क्रीन कितपत घट्ट आहे? बाजूला उघडणारा स्क्रीन व्हिडिओसाठी सोयीचा. पण गर्दीत तो उघडा ठेवून फिरलात तर कोणाच्या तरी कोपराने गेलाच म्हणून समजा. चालताना तो उलटा मिटवून ठेवायची सवय लावा.

पट्टा अडकवायच्या कड्या. अख्खा कॅमेरा या दोन कड्यांवर लटकतो. एक रुपयाच्या नाण्याएवढीही जागा नसते ती, पण तीच तुटली तर लाखाचा माल खडकावर.

तिसरा धडा: "वेदर सील्ड" म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे

हा मुद्दा नीट समजून घ्या. इथे बरेच जण फसतात.

वेदर सीलिंग म्हणजे बॉडीच्या जोडांत, बटणांखाली आणि झाकणांच्या कडेला रबर किंवा फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. धूळ आणि शिंतोडे अडवणं हे त्यांचं काम. बहुतेक कंपन्या "धूळ आणि ओलाव्याला प्रतिकार करेल असं डिझाइन" एवढंच म्हणतात. मोबाइलला जसा आयपी दर्जा असतो, तसा तो फारच थोड्या कॅमेऱ्यांना मिळालेला आहे. ओएम सिस्टीमचा ओएम-१ हा त्यातला एक, त्याला आयपी५३ आहे. आणि पाणी गेल्यामुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरलं जात नाही. पावती घेताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारा.

दुसरं, बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर उपयोग अर्धाच. पाणी माउंटच्या फटीतून आत जातं. कॅननच्या काही एल मालिकेतल्या लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होत नाही, असं कंपनीच सांगते.

मग आषाढातल्या पावसात काम कसं करायचं? सोपा उपाय. पारदर्शक प्लास्टिकचं रेनकव्हर. ते घ्यायला जमलं नाही तर साधी जाड पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, आणि दोन सुती पंचे. वारीत मी बघितलेले अनुभवी लोक महागड्या सील्ड कॅमेऱ्यावरही पिशवी घालतात.

आता माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. माझ्या गोष्टीच्या अगदी उलट. कोकणातला मुलगा, होमस्टेवाल्यांचे फोटो काढून द्यायचा व्यवसाय चांगला जमवला होता. माझा वजनाचा धडा त्याने फार मनावर घेतला. सगळ्यात हलकी आणि स्वस्त बॉडी, तिच्याबरोबर आलेली प्लास्टिकची किट लेन्स, आणि बॅगसुद्धा नको म्हणून कॅमेरा स्कूटरच्या डिकीत. पावसाळ्यात रोज किनाऱ्याच्या रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर. गणपतीच्या आधी त्याचे फोटो धूसर यायला लागले. लेन्स उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. शिवाय सततच्या हादऱ्यांनी लेन्सचा झूम अडकायला लागला होता. ऐन हंगामात त्याला तीन कामं सोडावी लागली.

त्याची चूक हलका कॅमेरा घेण्यात नव्हती. वजनाबरोबर त्याने संरक्षणही कमी केलं, ती चूक होती. तेव्हा हे पाळा:

- स्कूटरच्या डिकीत कॅमेरा ठेवायचा नाही. खाली इंजिनाची उष्णता, वर हादरे. आतल्या बारीक स्क्रूंना हादरा हा शत्रूच.
- एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून बाहेर दमट हवेत आलात की काचेवर दव जमतं. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत वीसेक मिनिटं उघडू नका.
- समुद्रकिनाऱ्यावर काम झालं की त्याच संध्याकाळी किंचित ओलसर कपड्याने बॉडी पुसा, मग कोरड्या कपड्याने. मीठ तसंच राहू देऊ नका.
- घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत झोपवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत ठेवा.

चौथा धडा: खरेदीआधी स्वतःची परीक्षा घ्या

दोन लाखांचा माल घेण्याआधी फुकटात होणारी एक परीक्षा आहे. तुम्ही जी यादी करणार आहात, तिचं वजन कागदावर जोडा. मग घरातल्या सॅकमध्ये तेवढ्या पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. ती सॅक घेऊन पुणेकरांनी सिंहगड पायवाटेने चढावा, मुंबईकरांनी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालत जावं, इतरांनी आपल्या गावची टेकडी गाठावी. वर पोचल्यावर धाप लागलेली असताना मोबाइल दोन्ही हातांत धरा आणि दहा फोटो काढा. हात थरथरतोय? मग कॅमेरा कितीही महाग घेतला तरी फोटो हललेलाच येणार.

मी स्वतःसाठी एक ठोकताळा ठेवलाय. दिवसभर चालत काम असेल तर पाण्यासकट बॅग माझ्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. माझं वजन ६८ किलो, म्हणजे बॅग पावणेसात किलोंच्या खाली. तुमचं शरीर वेगळं, वय वेगळं. आकडा तुम्ही ठरवा, पण ठरवा.

बॅग भरतानाही अक्कल लागते. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधल्या उंचीवर ठेवा, तळाशी किंवा बाहेरच्या कप्प्यात नाही. कमरेचा पट्टा असलेली बॅग घ्या आणि तो पट्टा खरंच लावा, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. एका खांद्याची बॅग दोन तासांच्या कामासाठी ठीक, दिवसभरासाठी नाही.

पाचवा धडा: वजनाचा हिशोब रुपयांत मांडा

आता आपण व्यवसायाच्या भाषेत बोलू.

समजा, ७०-२०० एफ/२.८ लेन्स दीड लाखाला पडते. तुमच्या वर्षभराच्या कामांची वही उघडा. ही लेन्स नेमकी किती दिवस लागते? समजा, लग्नाच्या हंगामात आठ दिवस. तुमच्या शहरात ती भाड्याने दिवसाला हजार रुपयांना मिळते असं धरू. वर्षाला आठ हजार. दीड लाख वसूल व्हायला जवळपास १९ वर्षं लागतील, आणि तोवर ती लेन्स सांभाळायची, बुरशीपासून वाचवायची, तिचा विमा भरायचा. भाडं तुमच्या गावात कमी-जास्त असेल, दिवस कमी-जास्त असतील. आकडे तुमचे घाला. पण वही न उघडता लेन्स घेऊ नका.

आता दुसरी बाजू. तुम्ही महिन्यात वीस दिवस बाहेर असाल, तर वजनाचा खर्च कुठे दिसतो? थकल्यामुळे दुपारनंतर कमी फोटो. सामान उचलायला मदतनीस, त्याची मजुरी आणि जेवण. रिक्षाऐवजी गाडी. आणि पाठ धरली तर घरी बसलेले दिवस. हे कुठल्याच बिलात लिहिलेलं नसतं, पण तुमच्याच खिशातून जातं.

विमानाने जाणार असाल तर वजनाला थेट किंमत आहे. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो. आपली बॅग क्रमांक एक पाणी आणि डबा काढूनही ७.९ किलोंची आहे. म्हणजे काहीतरी खाली सामानात टाकावं लागणार, बहुधा ट्रायपॉड. कॅमेरा आणि लेन्स कधीही खाली टाकू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानेच खालच्या सामानात चालत नाहीत. त्या केबिनमध्येच न्यायच्या, टोकांना टेप लावून किंवा डबीत घालून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १५ वॉट-अवरच्या आसपास असते, त्यामुळे काळजी नको.

एसटीने किंवा रेल्वेने जाताना बॅग वरच्या रॅकवर टाकू नका. मांडीवर किंवा पायांत. छोट्या बॅगेचा हाही एक फायदा: ती मांडीवर मावते.

आणि ट्रायपॉड नेण्याआधी विचारून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही. म्हणजे जे दोन-सव्वादोन किलो तुम्ही घेऊन गेलात, ते प्रवेशद्वारावरूनच परत.

"एवढासाच कॅमेरा?"

हा प्रश्न तुम्हाला ऐकायला मिळणार. गावाकडच्या लग्नात तर नक्की. नवरदेवाचे काका येऊन म्हणतील, "अहो, मागच्या लग्नात केवढा मोठा कॅमेरा होता!" लाजू नका आणि वादही घालू नका. बॅगेत एक छापील अल्बम ठेवा, त्याच कॅमेऱ्याने काढलेला. तो हातात द्या. काका अल्बम बघत बसतात, तुम्ही कामाला लागता.

लहान कॅमेऱ्याचा एक फायदा मोठ्या कॅमेऱ्याला कधीच मिळत नाही. माणसं त्याला बुजत नाहीत. बाजारात भाजी विकणारी मावशी मोठी लेन्स बघून पदर सावरून ताठ बसते. लहान कॅमेरा असला तर ती गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू ठेवते, आणि तुम्हाला फोटो मिळतो.

पण मी तुम्हाला सरसकट हलकंच घ्या असं सांगत नाही. रात्रीच्या लग्नात, मंद उजेडातल्या मंडपात एफ/२.८ ची लेन्स आणि फ्लॅश लागतोच. २८-२०० सारखी लेन्स टोकाला एफ/५.६ वर जाते, तिथे ती कमी पडते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला मोठी लेन्स टाळता येत नाही. तुमचं काम गाडीतून उतरून हॉलमध्ये जाण्याचं असेल, तर साडेनऊ किलोंनी काही बिघडत नाही. कामाप्रमाणे बॅग भरा, एवढंच म्हणणं आहे.

जाता जाता एक गोष्ट

जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर होता. लाइट्झ कंपनीत कामाला. त्याला डोंगरात फिरून फोटो काढायची हौस, पण दम्याचा त्रास. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे त्याला उचलवत नसत. मग त्याने सिनेमाची ३५ एमएम फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. नमुना तयार झाला १९१३-१४ च्या सुमारास, आणि १९२५ मध्ये लाइका या नावाने तो बाजारात आला. पुढे जगभरचे पत्रकार हा कॅमेरा घेऊन फिरले. एका माणसाला वजन झेपत नव्हतं, त्याने ते लपवलं नाही, त्यावर उपाय शोधला. त्यातून अख्खा धंदा उभा राहिला.

आपल्याला कॅमेरा शोधून काढायचा नाहीये. फक्त बॅग हलकी करायची आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमची आत्ताची किंवा ठरवलेली बॅग वस्तूवार वजन करून लिहा. किराणा दुकानातला काटा चालेल.

२. मागच्या पाच कामांत, किंवा काम सुरू व्हायचं असेल तर सरावाच्या पाच दिवसांत, कुठली वस्तू किती वेळा बाहेर काढली ते प्रत्येकीपुढे लिहा.

३. पाचही वेळा जी बाहेर आली नाही, ती वस्तू पुढच्या वेळी घरी ठेवा. फक्त जादा बॅटरी, जादा कार्ड आणि पावसाचं कव्हर यांना हा नियम लावू नका. त्या न वापरल्या तर दिवस चांगला गेला समजायचं.

४. वर्षात दहापेक्षा कमी दिवस लागणाऱ्या प्रत्येक महाग वस्तूचं तुमच्या शहरातलं भाडं विचारून ठेवा.

५. पाण्याच्या बाटल्यांची परीक्षा या रविवारी उरका.

दिवे घाटात मी त्यानंतरही गेलो, पुढच्याच वर्षी. एक बॉडी, एक झूम, एक बारकी लेन्स, दोन बॅटऱ्या. घाट चढताना या वेळी मी बसलो नाही. वळणावर रथाच्या आधी अर्धा तास पोचलो, जागा धरली, शेजारच्या वारकऱ्याने दिलेला चहा प्यायलो. तो फोटो आज माझ्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. कोणी विचारत नाही की तो किती वजनाच्या कॅमेऱ्याने काढलाय.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत बॅग काट्यावर ठेवा, आणि आकडा वहीत लिहा.